एका बाकावरच्या मैत्रिणी, वेगवेगळ्या वाटा
(या महिन्याच्या सभेसाठी अभ्यास पाठ)



मागच्या अंकांत आपण अंतर्गत कर्जाचा हिशोब आणि शेळ्यांचं लसीकरण शिकलो. या महिन्याचा पाठ तुमच्या शाळेतल्या मैत्रिणींवर आहे. सभेत बचत, परतफेड आणि सह्या उरकल्या की अर्धा-पाऊण तास यासाठी ठेवा. वाचता येणाऱ्या ताईंनी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मधेच थांबवून बोलायचं. ज्या ताई शाळेत गेल्याच नाहीत, त्यांनी आपल्या बरोबरीच्या मुली आठवायच्या. सोबत पाणी भरायला, सरपण आणायला जाणाऱ्याही मैत्रिणीच की!

आधी आठवा

तुम्ही जिथवर शिकलात त्या शेवटच्या वर्गात जाऊन बसा. तुमच्या बाकावर कोण होतं? डबा कुणाचा चवीचा असायचा? पाढे कुणाला तोंडपाठ होते? पळण्यात पहिली कोण यायची? आता विचारा, त्या सगळ्या आज कुठे आहेत?

बऱ्याच जणींना दोन-तीन नावांपुढे जाता येत नाही. यात तुमची चूक नाही. मुलांचा वर्ग पांगला तरी दिवाळीला, जत्रेला पारावर पुन्हा जमतो, कारण त्यांचं गाव तेच राहतं. मुलींचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर नावसुद्धा बदलतात. फोन नवऱ्याच्या नावावर. माहेरी यायचं ते दोन दिवस, तेही कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं दुखणं म्हणून. मग मैत्रीण शोधायची कुठे आणि कुणाला विचारून?

माझ्या दहावीच्या वर्गात आम्ही सोळा मुली होतो. आमच्या बाकावर तिघी बसायचो. आज एक दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. दुसरी सासरच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. तिसरी मी, समाजकार्याची पदवी घेऊन तुमच्या सभांना येते. तिघींत गणितात सगळ्यात हुशार होती ती पहिली. मला अडलं की ती समजावून सांगायची. त्यामुळे "जी हुशार ती पुढे गेली" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. आमच्या वाटा डोक्याने वेगळ्या झालेल्या नाहीत. त्या कुठे वेगळ्या झाल्या तेच आज बघायचं आहे.

वाट कुठे फुटते?

गटागटांत बायकांशी बोलताना मला चार ठिकाणं पुन्हा पुन्हा दिसली.

पहिलं ठिकाण: एसटीचा थांबा. गावात शाळा सातवीपर्यंत, नाहीतर दहावीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात, कॉलेज तालुक्याला. ज्या गावाला सकाळची गाडी आहे तिथल्या मुली जातात. जिथे थांब्यापर्यंत तीन किलोमीटर ओढ्यातून चालावं लागतं, तिथे आईबाप म्हणतात, "झालं तेवढं बास." गावातून शिकायला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बस आणि सायकलींची सोय आहे. पण पास असून गाडीच येत नसेल, तर तो पास घरातच राहतो. गाडी मागावी लागते, आणि एकट्या बापाने मागण्यापेक्षा ग्रामसंघाच्या शिक्क्याचा अर्ज आगारात लवकर वाचला जातो.

दुसरं ठिकाण: लग्नाची तारीख. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर लग्न लावणं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं दिसलं. म्हणजे पाच जणींत एक तरी. तुमच्या वर्गात पंधरा मुली असतील तर तीन.

आपल्या मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यात याला आणखी एक कारण आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. शिवाय आईबाप सहा महिने फडावर, मागे वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न खरा आहे, त्याला नावं ठेवून भागणार नाही. पण त्याचं उत्तर लग्नच असायला हवं का? आजी, मावशी, मुलींचं वसतिगृह, गटातल्या एखाद्या ताईचं घर, हे पर्याय सभेत बोलले तर जातात का?

तिसरं ठिकाण: जून महिन्यातले पैसे. अकरावीचा प्रवेश, वह्या-पुस्तकं, कपडे, खोलीचं भाडं आणि बी-भरण, खत, पेरणी हे सगळं एकाच महिन्यात येतं. घरात मुलगा-मुलगी दोघं शिकत असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर थांबतं कोण, हे सांगायला नको. व्यावसायिक शिक्षणासाठी राज्य शासनाने २०२४-२५ पासून मोठी सवलत दिली आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला असेल, तर शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. पण यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला लागतो. निकालानंतर तहसीलला पळापळ करण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच कागद तयार ठेवा.

चौथं ठिकाण: माहेरी राहिलेली पत्र्याची पेटी. हे कुणी मोजत नाही, पण मला सगळ्यात जास्त हेच दिसतं. लग्नात भांडी जातात, कपाट जातं, पण गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या पेटीत राहतो. पाच वर्षांनी अंगणवाडीची जागा निघते. सेविकेला त्याच गावची रहिवासी आणि बारावी पास असावं लागतं, आणि वयाची अट असते. ताई बारावी आहे, पण कागद सापडत नाही. सापडला तर त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोन्ही एकीचीच आहेत हे सांगणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढलेलंच नाही. अर्जाची मुदत निघून जाते. लोक म्हणतात, "नशिबात नव्हतं." नशीब कुठलं बाई, एक कागद नव्हता!

मग दोष कुणाचा?

आता चारही ठिकाणं पुन्हा बघा. गाडी होती की नव्हती, लग्न कधी ठरलं, पैसे कुणावर खर्च झाले, कागद कुठे राहिला. यातला एकही निर्णय त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने घेतलेला नाही. म्हणून मागे राहिलेल्या मैत्रिणीने स्वतःला कमी समजायचं कारण नाही, आणि पुढे गेलेलीनेही "मी कष्ट केले म्हणून" एवढंच म्हणून थांबू नये. कष्ट तर फडावरची मैत्रीणही करते, पहाटे तीनला उठून.

वाटा वेगळ्या झाल्या की मैत्रिणींमध्ये एक भिंत उभी राहते. एकीला वाटतं, ती आता नोकरीवाली, आपल्याशी काय बोलणार. दुसरीला वाटतं, आपण बोललो तर मोठेपणा दाखवल्यासारखं होईल. दोघी बाजारात समोरासमोर आल्या तरी नजर चुकवतात. तसं करू नका. नोकरीवालीला शहरात एकटीने ताप काढावा लागतो, शेतावरचीला बाजारभाव आणि पाऊसपाणी कळतं, अंगणवाडीवालीला कुठली योजना कधी येते ते ठाऊक असतं. एकमेकींकडे असलेलं सांगितलं तर तिघींचा फायदा आहे. शाळेत डबा वाटून खायचो, तसंच हे.

परतीची वाट असते

शिक्षण एकदा सुटलं की सुटलं, असं नाही. सावित्रीबाई फुले यांचं लग्न १८४० मध्ये झालं. त्या शिकल्या लग्नानंतर, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. रमाबाई रानडे १८७३ मध्ये सासरी आल्यावर अक्षरं शिकल्या, तेही घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत. पुढे १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, जिथे मोठ्या वयाच्या बायका, विधवा बायका शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

आज वाटा त्याहून सोप्या आहेत. शाळा सुटलेलीला "फॉर्म नंबर १७" भरून राज्य मंडळाची दहावी आणि बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. अर्जाची मुदत ठरलेली असते, म्हणून शाळा उघडल्या की जवळच्या हायस्कूलात लगेच चौकशी करा. बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी घेता येते. हे विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. शेतातलं काम सांभाळून अभ्यास अवघड जातो, हे मान्य. पण आई आणि मुलगी एकाच पुस्तकातून शिकत असतील, तर पुस्तक एकदाच घ्यावं लागतं!

सभेत करायचा उपक्रम: मैत्रिणींचा नकाशा

१. जमिनीवर रांगोळीने शाळा काढा. तिथून चार रेघा ओढा. रेघांना नावं द्या: पुढे शिकली, लग्न झालं, मजुरीला किंवा ऊसतोडीला गेली, घरी राहिली.

२. प्रत्येक ताईने आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीसाठी ज्वारीचा एक दाणा योग्य रेघेवर ठेवायचा. असे प्रत्येकीने पाच दाणे. नाव मोठ्याने सांगायची सक्ती नाही.

३. दाणे मोजा. कुठल्या रेघेवर जास्त पडले?

४. आता हरभऱ्याचे दाणे घ्या. ज्या मैत्रिणीची वाट गाडी, तारीख, पैसे किंवा कागद यांपैकी एकाने बदलली, तिच्या दाण्याशेजारी हरभरा ठेवा. कुठलं कारण, ते सांगा. सचिव ताईंनी वहीत चार रकाने करून आकडा लिहावा.

५. शेवटी आपल्या गावात आज दहावीला असलेल्या मुली मोजा. त्यांचे दाणे अजून शाळेतच आहेत. ते कुठल्या रेघेवर जाणार, हे ठरायला वेळ आहे.

या उपक्रमात कुणी ताई रडली तर थांबा, पाणी द्या, घाई करू नका. आणि सभेत बोललेलं बाहेर नेऊ नका.

ठरावात काय लिहाल?

दशसूत्रीत शिक्षण आहेच. या महिन्याच्या इतिवृत्तात पुढच्यापैकी निदान एक ठराव घ्या.

• प्रत्येक सदस्याने दरमहा २० रुपये शिक्षणासाठी वेगळे ठेवायचे. बारा सदस्यांचे महिन्याला २४० आणि वर्षाला २,८८० रुपये होतात. जूनमध्ये एका मुलीच्या प्रवेशाची अडचण एवढ्यात भागते. परतफेड सोयीने, व्याज कमी किंवा नाहीच.

• गटातल्या प्रत्येक ताईने माहेरून आपले कागद आणायचे, झेरॉक्स काढायची आणि मूळ प्रत स्वतःच्या पेटीत ठेवायची. विवाह नोंदणी नसेल तर करून घ्यायची.

• गावात १८ च्या आतलं लग्न ठरत असेल तर आधी घरच्यांशी दोन-तीन ताईंनी मिळून बोलायचं. ऐकलं नाही तर ग्रामसेवकांना (ग्रामपंचायत अधिकारी) कळवायचं, तेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. १०९८ या नंबरवर फोन फुकट लागतो.

• ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींची यादी दिवाळीआधी करायची आणि त्या सहा महिने कुठे राहतील ते ग्रामसंघाच्या सभेत ठरवायचं.

पुढच्या सभेपर्यंतचा गृहपाठ

शाळेतल्या एका मैत्रिणीचा नंबर शोधा. तिच्या आईला विचारा, भावाला विचारा, बाजारात तिच्या गावची बाई भेटली तर तिला विचारा. फोन लागला की आधी तिचं ऐकून घ्या, आपलं नंतर सांगा. आणि दोन गोष्टी नक्की विचारा: तुझे कागद कुठे आहेत? तुझी पोरगी कितवीला आहे?

किती मैत्रिणी सापडल्या तो आकडा सीआरपी ताईंकडे द्या. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत सगळ्या गावांची बेरीज आपण फळ्यावर मांडू.