गर्भवतीचा मधुमेह आणि प्रसाविकेचे करिअर

गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ही तूट भरून काढण्याइतके जादा इन्सुलिन स्वादुपिंडाने तयार केले नाही, तर रक्तातील साखर वाढते. यालाच गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. काही स्त्रियांना मधुमेह आधीपासूनच असतो. दोन्ही प्रकारांत साखर आटोक्यात राहिली नाही, तर बाळ प्रमाणाबाहेर वाढू शकते, प्रसूती अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी घसरू शकते. औषधे डॉक्टर ठरवतात. पण ती घरी नीट घेतली जातात का, ताटात काय वाढले जाते, पुढची तपासणी चुकत तर नाही ना, हे पाहण्याचे काम बहुतांशी प्रसाविकेचे, म्हणजे प्रसूतिशास्त्र शिकलेल्या परिचारिकेचे असते.

कामाचे स्वरूप

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची पहिल्याच भेटीत साखर तपासली जाते आणि ती ठीक आल्यास 24 ते 28 आठवड्यांदरम्यान पुन्हा तपासली जाते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर डेसिलिटरमागे 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेहाचे निदान होते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेल्या या पद्धतीत उपाशीपोटी येण्याची अट नाही, त्यामुळे लांबून उपकेंद्रावर आलेल्या बाईला त्याच दिवशी तपासता येते. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

निदानानंतर पहिले दोन आठवडे भर आहारावर आणि चालण्याच्या व्यायामावर असतो. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या खाली आली नाही, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू होते. खरी कसोटी इथेच लागते. ‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा’ असा घरच्यांचा आग्रह असतो, डोहाळजेवणाला गोडधोड येते, उपवासाला साबुदाणा असतो. अशा घरात छापील आहारतक्ता फारसा चालत नाही. प्रसाविकेला त्या घरच्या स्वयंपाकातूनच मार्ग काढावा लागतो: भात कमी, उसळ आणि पालेभाजी जास्त, एकदम भरपेट जेवण्याऐवजी थोडेथोडे आणि वेळेवर खाणे. हे सांगताना सासूबाईंनाही समोर बसवले तर ते अमलात येण्याची शक्यता वाढते.

इन्सुलिन सुरू झाल्यावर तांत्रिक काम वाढते. भारतात 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांची इन्सुलिने मिळतात. बाटली एका मापाची आणि सिरिंज दुसऱ्या मापाची असेल, तर मात्रा धोकादायकरीत्या चुकते. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्याचा उपयोग शिकवावा लागतो. साखर 70 च्या खाली गेल्यावर घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा लगेच पाण्यातून ग्लुकोज किंवा साखर द्यायची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे लागते.

कळांच्या काळात आईची साखर वरचेवर तपासली जाते. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजणे आणि त्याची साखर पाहणे ही पुढची जबाबदारी. सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी होते, कारण अशा स्त्रीला पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका अधिक असतो. बाळाच्या धांदलीत ही तपासणी हमखास मागे पडते, म्हणून पाठपुरावा लागतो.

शिक्षणाचा मार्ग

भारतात या कामासाठी बारावीनंतर वेगळी पदवी नाही. वाट नर्सिंगमधूनच जाते. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला करता येतो. जीएनएम तीन वर्षांचा आहे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतो. जीएनएम किंवा बी.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका आणि प्रसाविका अशी नोंदणी होते. संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.

यापुढे दोन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगमध्ये प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विषय घेता येतो. केंद्राच्या 2018 च्या धोरणानुसार नोंदणीकृत परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हे 18 महिन्यांचे प्रशिक्षणही आहे. त्यातून उभी राहणारी प्रसाविका-केंद्रे मुख्यतः विनाजोखीम गरोदरपणासाठी आहेत. मधुमेही गर्भवतीची काळजी मात्र डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि प्रसाविका यांनी मिळून घ्यायची असते. त्यामुळे केव्हा वरच्या रुग्णालयात पाठवायचे, याची जाण हे या क्षेत्रातले मोठे कौशल्य ठरते.

नोकरी आणि पालकांच्या शंका

जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका, शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, खासगी प्रसूतिगृहे आणि मधुमेह केंद्रे या ठिकाणी संधी असतात. ‘एम्स’मधील नर्सिंग ऑफिसरच्या पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 44,900 रुपयांपासून सुरू होते, निवड ‘नॉरसेट’ परीक्षेतून होते. खासगी क्षेत्रात सुरुवातीचा पगार यापेक्षा बराच कमी असू शकतो. रात्रपाळी टळत नाही, आणि आई व बाळ अशा दोन जिवांची जबाबदारी असल्याने ताणही असतो. आकडेमोडीत चोख, नोंदी ठेवण्यात काटेकोर आणि बोलण्यात संयमी असलेल्या विद्यार्थिनीला हे काम मानवते.

परदेशाचा विचार करताना एक फरक लक्षात घ्यावा. ब्रिटनमध्ये परिचारिका आणि प्रसाविका या दोन स्वतंत्र नोंदण्या आहेत. भारतातली नोंदणी दुहेरी असली, तरी तिथे प्रसाविका म्हणून काम करायचे तर त्याच शाखेची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मधुमेहासाठीच्या खास प्रसाविकेची पदे तिथल्या रुग्णालयांत आहेत, पण ती अनुभवानंतरच मिळतात.