लूपशिवाय आकृती कशी फिरवावी?

प्रश्न : पायथनच्या नमपाय या लायब्ररीमध्ये शेकडो रेषांचा नकाशा फिरवायचा आहे. प्रत्येक बिंदूसाठी लूप लावला, तर ३० अंशांऐवजी आकृती भलतीकडेच वळते आणि मूळ जागाही सोडते. काय चुकतंय?

उत्तर : लूप आधी काढून टाका. प्रत्येक बिंदू ही एक संमिश्र संख्या माना: (३, ४) म्हणजे ३ + ४i. तिला i ने गुणलं की –४ + ३i येतं, म्हणजे बिंदू ९० अंश फिरला आणि आरंभबिंदूपासूनचं ५ हे अंतर तसंच राहिलं. इतर कोनांसाठी i ऐवजी cos θ + i sin θ घ्या. सगळे बिंदू एका ॲरेत ठेवले, की एकच गुणाकार सर्वांना लागू होतो. रेषेसाठी वेगळं काही लागत नाही, दोन्ही टोकं फिरवली की रेषा फिरली.

भलतीकडे वळण्याचं कारण बहुधा रेडियन: cos आणि sin कोन रेडियनमध्ये घेतात. नुसते ३० दिलेत तर आकृती सुमारे २७९ अंश फिरते. अंशांना π/१८० ने गुणा.

जागा सुटते, कारण फिरणं आरंभबिंदूभोवती होतं. केंद्र (१, १) हवं असेल तर आधी ते वजा करा, गुणा, मग परत मिळवा: ९० अंशांसाठी (३, ४) पासून (२, ३), मग i ने गुणून (–३, २), शेवटी (–२, ३).

पडद्यावर y खाली वाढत असेल, तर दिशा उलटी दिसेल. तिथे कोनाचं चिन्ह बदला.