कुऱ्हाडे सापडत नाहीत

एका पतसंस्थेच्या सभासदांची जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम आमच्या टीमकडे होतं. डेमो झकास झाला होता. रंगीत डॅशबोर्ड, पावतीची छपाई. संचालक मंडळ खूश. ‘आधी खऱ्या डेटावर छोटा पीओसी (प्रूफ ऑफ कन्सेप्ट, म्हणजे हे जमतं का याची चाचणी) करू’ ही सूचना ‘फॉन्टच तर बदलायचाय, त्यात काय बघायचं?’ म्हणून बैठकीतच निकालात निघाली.

मग काउंटरवर कुऱ्हाडे आडनावाचे सभासद आले. नाव टाकलं, उत्तर आलं: नोंद नाही. यादी खाली सरकवत नेली, तर कुऱ्हाडे पडद्यावर ढळढळीत दिसत होते.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असतो. त्यात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. एवढं कन्व्हर्टरने सांभाळलं. पण ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. कन्व्हर्टरने एक तऱ्हा धरली, काउंटरवरच्या कीबोर्डने दुसरी. डोळ्यांना एकच आडनाव, डेटाबेसला दोन. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन चालवूनही ती एक होत नाहीत.

दुसरा फटका ओरॅकल डेटाबेसचा. नावाचा रकाना ३० चा ठेवला होता, पण वेगळं सांगितलं नाही, तर तिथे अक्षरं नाही, बाइट मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानामात्रा आणि हलंतसुद्धा, ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वर’ बरोबर ३० बाइटचा. मागे ‘राव’ लावायची सोय नाही!

यातलं काहीही शोधायला स्क्रीन लागत नव्हती. शंभरेक विचित्र नावं, एक छोटी स्क्रिप्ट आणि संस्थेतले सर्वांत जुने कारकून पुरले असते. कुठलं नाव अडेल, हे त्यांना तोंडपाठ असतं. म्हणून पीओसीला जे जमेल असं वाटतं ते घेऊ नका, ज्याची धास्ती वाटते तेच घ्या. क्लायंटने निवडून दिलेला स्वच्छ सॅम्पल डेटा तर नकोच. काय झालं तर पीओसी फसला म्हणायचं, हे कोड लिहिण्याआधी कागदावर उतरवा; नंतर प्रत्येकाला तो ‘जवळपास जमला’ असंच वाटतं. आणि तो दिसायला ओबडधोबडच राहू द्या. छान दिसला की ‘आता हाच पुढे वाढवा’ असा आग्रह सुरू होतो, आणि फेकून द्यायचा कोड वर्षानुवर्षं मानगुटीवर बसतो.

निविदा काढणाऱ्या संस्थांना एक विनंती: पीओसीसाठी वेगळी रक्कम आणि वेगळी मुदत लिहा, आणि तो फसला तरी त्याचे पैसे द्या.