मुलाच्या प्रश्नाला पोस्टकार्डाने उत्तर

मुले विज्ञानाकडे कशी वळतात, असे पालक आम्हांस अनेकदा विचारतात. बहुधा त्यांच्या मनात गुणांची टक्केवारी असते. आमच्या मते मुलाचा स्वतःचा प्रश्न एखाद्या जाणत्या माणसाने गांभीर्याने ऐकून घेतला, म्हणजे ही वाट फुटते.

दिवंगत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्याभोवती व्याख्यानानंतर मुलांचा स्वाक्षरीसाठी गराडा पडे. ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल, असे सांगत. आणि खरोखरच उत्तरे धाडीत. 1988 साली पुण्यात स्थापन झालेली ‘आयुका’ ही त्यांची संस्था विद्यापीठांतील संशोधकांसाठी होती. तरीही तेथे शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने होऊ लागली, पुढे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ निघाली. अरविंद गुप्ता यांनी तेथे आगपेटीच्या काड्या, सायकलची ट्यूब, शीतपेयाच्या नळ्या अशा वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी करून दाखविली. प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असलेल्या शाळेतही हे विज्ञान चालते, आणि अशा शाळा थोड्या नाहीत.

1993 पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आम्हांस अधिक मोलाची वाटते. 10 ते 17 वर्षे वयाची मुले परिसरातील एखादी समस्या निवडतात, मोजमाप करतात, नोंदी ठेवतात आणि आपल्या भाषेत निष्कर्ष मांडतात. समजा, गावच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती उतरते हे पाहायचे आहे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून दर रविवारी खोली मोजावी, वहीत टिपावी, आलेख काढावा. याला खर्च तो किती! परीक्षकाने “हे कसे मोजलेस?” असे विचारले, तर घरात पहिल्यांदाच शाळा पाहिलेली मुलगीही अडखळत नाही, कारण दोरी तिने स्वतः विहिरीत सोडलेली असते.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेबरोबर प्रयोग, कृतिसंशोधन आणि मुलाखत असते. मूळ योजना उत्तम आहे. मात्र तिच्याभोवती शिकवणीवर्ग उभे राहिले, आणि तयार प्रकल्प पाठ करविले जाऊ लागले. त्यातून पदके मिळत असतील, जिज्ञासा मिळत नाही.

दहावीपर्यंत पेटलेली ही ठिणगी पुढे विझते, ती पुष्कळदा माहितीअभावी. “शास्त्रज्ञ व्हायला इतकी वर्षे शिकायचे, मग घर कसे चालायचे?” हा मजुरी करणाऱ्या बापाचा प्रश्न रास्त आहे. त्याला प्रेरणेचे भाषण ऐकवून भागत नाही. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा विज्ञान अभ्यासक्रम आहे, राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. संशोधन करताना पैसे मिळतात, ही गोष्टच आपल्या कितीतरी घरांत कोणी सांगितलेली नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्यापैकी जे प्रयोगशाळेत, रुग्णालयात, कृषी विद्यापीठात वा कारखान्यात काम करतात, त्यांनी एका रविवारी वसतिगृहात यावे. सत्काराचा कार्यक्रम नको. आपण दिवसभर नेमके काय करतो, पहिला पगार कधी मिळाला आणि प्रवेशाचा अर्ज कोठे भरला, एवढे सांगावे; आणि जाताना मुलांच्या हाती आपल्या पत्त्याची कोरी पोस्टकार्डे ठेवावीत.