बाटलीतील तिखट : आकडा आणि मात्रा

परदेशी राहणारी मुले आणि शहरांतील मोठी किराणा दुकाने यांच्या कृपेने टबॅस्को सॉसची छोटी बाटली आता आपल्या मध्यमवर्गीय घरांतही पोहोचली आहे. तिच्यापाठोपाठ 'डॉक्टर, हा सॉस भयंकर तिखट असतो म्हणतात, आम्हांला चालेल का?' हा प्रश्नही दवाखान्यात येऊन ठेपला. विचारणारा बहुधा आम्लपित्ताचा, मूळव्याधीचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असतो आणि आपण 'तिखट टाळा' एवढे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतो. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. ते नीट तपासले, तर आपल्या ठरावीक सल्ल्याचीही थोडी फेरतपासणी करावी लागते.

मूळ लाल टबॅस्को सॉसचा तिखटपणा २,५०० ते ५,००० स्कोव्हिल एकके असतो. हा आकडा कशाचा, हे समजण्यासाठी आधी बाटलीत काय आहे ते पाहू. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, जमिनीखालील मिठाच्या प्रचंड साठ्यावर वसलेल्या एव्हरी आयलंड येथे मॅकइलहेनी घराण्याने १८६८ साली या सॉसचे उत्पादन सुरू केले. टबॅस्को जातीच्या पिकलेल्या लाल मिरच्या मिठासह वाटून तो लगदा ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. नंतर त्यात व्हिनेगर मिसळून साल व बिया गाळून काढतात. घटक तीनच : व्हिनेगर, मिरची, मीठ. मूळ मिरचीचा तिखटपणा ३०,००० ते ५०,००० एककांच्या घरात असतो, म्हणजे बाटलीत तो जवळजवळ दशांशावर येतो. मिरचीचा आकडा सॉसला चिकटवून घाबरणारे हे अंतर विसरतात.

स्कोव्हिल हे आडनाव आहे. विल्बर स्कोव्हिल हे डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणारे औषधनिर्माणशास्त्रज्ञ होते. त्या काळी मिरचीचा अर्क औषधी लेपांत वापरला जाई आणि त्याची ताकद मोजण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. १९१२ साली त्यांनी एक साधी युक्ती सुचविली. वाळलेल्या मिरचीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढावयाचा, तो साखरेच्या पाण्यात पातळ करीत जावयाचे आणि चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले, तो आकडा लिहून ठेवावयाचा. पाच हजार एकके म्हणजे पाच हजार पट पाणी घातल्यावर तिखट लोपले. पद्धत सुबोध खरी, पण दोन-चार नमुने चाखल्यावर जीभच बधिर होते आणि प्रत्येकाची जीभ निराळी. म्हणून आज द्रव वर्णलेखनाच्या यंत्राने कॅप्सायसिन व त्याच्या भावंडांचे प्रमाण मोजतात आणि त्यावरून स्कोव्हिल एकके काढतात. शुद्ध कॅप्सायसिन १ कोटी ६० लाख एककांचे मानले जाते. त्यामुळे दशलक्ष भागांत एक भाग कॅप्सायसिन म्हणजे सुमारे १६ एकके, हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या सूत्राने टबॅस्कोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ०.१६ ते ०.३१ मिलिग्रॅम कॅप्सायसिन निघते. डॉक्टर वाचकांना एक ओळखीची तुलना सांगतो. सांधेदुखीसाठी आपण ०.०२५ टक्के कॅप्सायसिनचे मलम लिहून देतो. त्याचे स्कोव्हिल एककांत रूपांतर केले तर बरोबर ४,००० येतात. म्हणजे मलम आणि सॉस यांची ताकद एकाच पंक्तीत बसते! नागिणीनंतरच्या वेदनेसाठी अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळालेली आठ टक्क्यांची पट्टी मात्र याच हिशेबाने पावणेतेरा लाखांवर जाते, आणि म्हणूनच ती वैद्यकीय देखरेखीखालीच लावली जाते.

येथवर झाले ते तीव्रतेचे. शरीराला मात्र तीव्रतेइतकीच मात्राही महत्त्वाची. सॉसचे दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. त्यातून पोटात जाते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास कॅप्सायसिन. पूर्ण चमचाभर सॉस घेतला तरी ते दीड मिलिग्रॅमच्या पुढे फारसे जात नाही. आता आपल्या फडताळातील मिरचीपूड घ्या. ती ३०,००० एककांची धरली, तर अडीच ग्रॅमच्या एका चमच्यात साडेचार मिलिग्रॅमहून अधिक कॅप्सायसिन असते. आपल्या भाषेत मिरचीपुडीलाच 'तिखट' म्हणतात, ते उगाच नव्हे. बेळगावच्या स्वयंपाकघरात रंगासाठी ब्याडगी आणि झणझणीतपणासाठी संकेश्वरी असा जो विवेक गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत, तो याच गणिताचा अलिखित भाग आहे. रोजची आमटी आणि कांदा-लसूण मसाला निर्धास्तपणे खाणाऱ्या रुग्णाने सॉसच्या दहा थेंबांची धास्ती घ्यावी, हे मला तरी उलटे वाटते.

मग तो इतका झोंबतो का? कॅप्सायसिन वेदना-मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही१ या ग्राहीला उघडते. हीच ग्राही ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही उघडते, म्हणून मेंदूला तिखट 'भाजल्यासारखे' वाटते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ती शोधून काढली. २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळाले. आमटीतील कॅप्सायसिन तेलात विरघळलेले आणि डाळ-भातात गुरफटलेले असते. पाण्यासारखा पातळ, आंबट सॉस मात्र क्षणात साऱ्या जिभेवर पसरतो, आणि आम्लामुळे तीच ग्राही अधिक हळवी होते.

आता रुग्णांकडे वळू. जठरव्रणाचे खापर पिढ्यान्‌पिढ्या मिरचीवर फुटले. मार्शल व वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर जिवाणूचा कार्यभाग दाखवून दिल्यानंतर, ज्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, ते आरोप मागे घ्यावयास हवे होते. आम्ल-उलटीच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे कॅप्सायसिन आधीच चिडलेल्या अन्ननलिकेला जळजळ जाणवून देते आणि व्हिनेगर त्यात भर घालते, तेव्हा त्याला सॉस वर्ज्य सांगणे योग्यच. मूळव्याधीबाबत २००६ साली इटलीत झालेल्या चाचणीत मिरचीच्या कॅप्सूलने त्रास वाढल्याचे दिसले नाही. उलट गुदविदराच्या शस्त्रक्रियेनंतर मिरची अपायकारक ठरते, असे नागपूर येथील २००७ सालच्या दुहेरी अंध चाचणीत आढळले. दोन्ही रुग्णांना एकच पथ्य सांगण्याची आपली सवय या निष्कर्षांशी जुळत नाही.

रक्तदाबाच्या रुग्णाने तर तिखटाचा आकडा बाजूला ठेवून मिठाचा पाहावा. टबॅस्कोच्या एका चमच्यात सुमारे ३५ मिलिग्रॅम सोडियम असते. अमेरिकेतच लोकप्रिय असलेला फ्रँक्स रेडहॉट तिखटाने जेमतेम ४५० एककांचा, पण त्याच्या एका चमच्यात सोडियम १९० मिलिग्रॅम! सौम्य म्हणून तो सढळ हाताने ओतला जातो. तीन चमच्यांत ५७० मिलिग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २,००० मिलिग्रॅमच्या दैनिक मर्यादेचा चौथा हिस्सा संपला.

एकूण मात्रेचे महत्त्व २०२४ साली डेन्मार्कने अधोरेखित केले. तेथील अन्नखात्याने कोरियातील अतितिखट नूडल्सचे तीन प्रकार बाजारातून परत बोलाविले, ते एका पाकिटातील एकूण कॅप्सायसिनचा हिशेब करून. पुढे फेरमूल्यांकनानंतर काही प्रकारांना पुन्हा मुभा मिळाली. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेत अतितिखट चिप खाण्याच्या पैजेनंतर एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्याच्या हृदयात आधीपासून दोष होते, हेही शवविच्छेदनात आढळले. अशा पैजांच्या वस्तू लाखांच्या एककांत मोजल्या जातात, जेवणाच्या टेबलावरील सॉसशी त्यांची तुलना नाही. मात्र घरात शाळकरी मुले असतील तर हा भेद त्यांना समजावून सांगणे पालकांचे काम आहे.

कधी जास्त पडलाच, तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. थंड दूध किंवा दही घोळवून गिळावे. त्यांतील केसीन व स्निग्धांश ते जिभेवरून सोडवितात. सॉस लागलेले हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांस, आणि कॉन्टॅक्ट लेन्सला तर मुळीच, लावू नयेत.