आधी ओल घालवा, मग थंडी अडवा

मंडळी, आज आपण घराविषयी बोलू. नव्या बंगल्याविषयी नव्हे. आपल्या वाडवडिलांनी बांधलेल्या जुन्या घराविषयी बोलू.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अशी घरे अजून पुष्कळ आहेत. मातीच्या नाहीतर दगडमातीच्या जाड भिंती. लाकडी मेढी. वर कौले. पुढे पडवी. आत शेणाने सारवलेली जमीन. उन्हाळ्यात ही घरे छान गार राहतात. पण पौष-माघात काय होते? दोन गोधड्या घेतल्या तरी हुडहुडी जात नाही. भिंतीला हात लावावा तर ती गारढोण. कोपऱ्यात कुबट वास. डब्यातले पापड सादळलेले. घरातली म्हातारी माणसे रात्रभर खोकतात.

मग लोक म्हणतात, "गुरुजी, यंदा थंडी फार."

थंडी आहे खरी. पण आम्ही त्यांना सांगतो, आधी तुमच्या भिंतीला हात लावून पाहा.

आमचीच चूक

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच घरात शिकलो, आणि उशिरा शिकलो.

आमच्या माजघराची उत्तरेकडची भिंत खालून ओली व्हायची. तिचे पोपडे पडायचे. दिसायला वाईट दिसे. म्हणून आम्ही कंबरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. भिंत कशी गुळगुळीत झाली! गवंडी म्हणाला, "आता पन्नास वर्षं बघायला नको."

दोन पावसाळे गेले. सिमेंटच्या वर, छातीच्या उंचीवर, ओलीचा नवा पट्टा उमटला. तिसऱ्या वर्षी गिलावा टकटक वाजवला, तर आत पोकळ आवाज. फोडून पाहतो तो आतली माती भिजवलेल्या कणकेसारखी! मेढीचा बुंधा वाळवीने खाल्लेला. त्यात बोट जात होते.

त्याच भिंतीला लागून आमच्या आईची खाट होती. तो सगळा हिवाळा आई खोकत होती. आम्ही तिला नवी गोधडी दिली, काढे दिले. खाट मात्र हलवली नाही. शेवटी डॉक्टर घरी आले. आईची नाडी पाहण्याआधी त्यांनी भिंतीवर हात ठेवला. म्हणाले, "आधी यांची खाट इथून काढा."

खाट पडवीकडच्या कोरड्या खोलीत नेली. खोकला पुरता गेला नाही. पण आईला रात्री झोप लागू लागली. गावातल्या मुलांना शिकवणारे आम्ही. पण आपल्या घरातली भिंत आम्हाला वाचता आली नव्हती.

आमचे काय चुकले? सिमेंटने पाणी अडले नाही. पाण्याची बाहेर पडण्याची वाट तेवढी अडली. मातीची भिंत पाणी पिते आणि पुन्हा वाऱ्यावर सोडते. आम्ही तिचे तोंडच बंद केले. मग पाणी आत राहिले आणि वर चढले.

पाणी वर कसे चढते?

तुम्ही म्हणाल, पाणी तर उताराकडे जाते. ते भिंतीत वर कसे चढेल?

देवापुढचा दिवा आठवा. तेल खाली असते, ज्योत वर असते. तेल वातीतून वर चढते. सुताच्या धाग्यांत बारीक बारीक वाटा असतात, त्यांतून ते चढते. माती, वीट आणि गिलावा यांतही तशाच बारीक वाटा असतात. भिंत ही एक मोठी वात आहे. तिचा पाया ओल्या जमिनीत बुडालेला आहे. पाणी चढताना जमिनीतले क्षारही बरोबर आणते. पाणी सुकते आणि क्षार मागे राहतात. भिंतीवर पांढरा खार फुटलेला दिसतो तो हाच.

आता जमिनीत पाणी किती येते, त्याचा हिशेब करू. आपल्या भागात एका पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कधी त्याहून जास्तही पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक लिटर पाणी होते. समजा, तुमचे छप्पर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. म्हणजे ५० चौरस मीटर. मग ५० गुणिले ३,००० म्हणजे १,५०,००० लिटर. दीड लाख लिटर! दोनशे लिटरचे ७५० पिंप भरतील एवढे हे पाणी. आणि ते सगळे पागोळ्यांतून पडते कुठे? आपल्याच जोत्याच्या कडेला.

आणखी एक गोष्ट पाहा. पूर्वी घराला तीन पायऱ्या होत्या. रस्त्यावर दर खेपेला नवी खडी पडली, अंगणात भराव पडला. आता एकच पायरी उरली. जोते खाली गेले नाही, बाहेरची जमीन वर आली. पावसाचे पाणी आता घराकडे वळते.

ओली भिंत गार का?

दोन गोष्टी रोज आपल्यासमोर असतात. एक माठ, दुसरी गोधडी.

माठ पाझरतो. ते पाणी वाऱ्यावर सुकते आणि सुकताना माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. ओली भिंतही तशीच. पावसाळा संपला, कोरडा वारा सुटला की ती सुकू लागते आणि गार होते. तिला टेकून झोपणे म्हणजे माठाला टेकून झोपणे.

आता गोधडी. गोधडीला ऊब कशामुळे? तिच्या थरांत हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. पाणी मात्र स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता पळवते. म्हणून ओली गोधडी घेऊन कोणी झोपत नाही. मग ओल्या भिंतींच्या घरात का झोपावे? घर ही आपल्या सगळ्या कुटुंबाची गोधडी आहे. ती आधी वाळवली पाहिजे.

हे करून पाहा

घरातली ओल जमिनीतून येते की हवेतून? त्याची एक सोपी परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा हातभर स्वच्छ तुकडा घ्या. तो जमिनीवर पसरा. चारी कडांवर लाकडी पट्ट्या किंवा विटा ठेवा. एक दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. मग पाहा. तुकड्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला थेंब असतील, तर ओल घरातल्या हवेत आहे. चुलीवरची वाफ, मोरीचे पाणी आणि घरात वाळत घातलेले कपडे ही हवेतल्या ओलीची कारणे.

ओल घालवण्याची कामे

ही कामे दसऱ्यानंतर सुरू करावीत. वैशाखापर्यंत भिंतीला वाळायला वेळ मिळतो.

१. झडीसाठी भिंतीला लावलेले प्लॅस्टिक पाऊस संपताच काढा. कित्येक घरांत ते वर्षभर तसेच राहते आणि भिंत आत कुजते.

२. भिंतीला टेकलेली माती, राडारोडा आणि लाकडांचा ढीग दूर करा. जोत्याचा दगड उघडा दिसला पाहिजे.

३. भिंतीपासून तीन फुटांपर्यंतची जमीन बाहेर उतरती करा. भिंतीशी उंच, बाहेर चार बोटे खाली.

४. पागोळ्या पडतात तिथे उथळ चर काढा. दर १० फुटांना दोन-तीन इंच उतार द्या. तळाशी दगड-खडी टाका. पाणी ओढ्याकडे किंवा शेताकडे काढा. मात्र चर भिंतीला लागून खणू नका, आणि पायापेक्षा खोल नेऊ नका. जुन्या घराचा पाया उथळ असतो. तो उघडा पडला तर भिंत खचेल.

५. फुटकी कौले बदला. मोरीचे पाणी नळीने दूर न्या. मोरी भिंतीशी पाझरत असेल, तर पाऊस नसतानाही भिंत ओली राहते.

६. सिमेंटचा गिलावा फुगला असेल तर तो जपून काढा आणि भिंत वाळू द्या. मग मातीचा गिलावा करा, किंवा एक भाग चुना आणि तीन भाग वाळू यांचा करा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. हाताने कालवू नका.

७. मेढीचा बुंधा कुजला असेल तर जाणत्या सुताराला बोलवा. वरच्या तुळईला आधार दिल्याशिवाय मेढ हलवू नका.

८. ओल्या भिंतीवर विजेचे बटण असेल तर त्याला हात लावू नका. वायरमनला दाखवा.

पुष्कळ जण विचारतात, "गुरुजी, जमिनीवर लादी बसवली तर?" बसवा. पण बाहेरचे पाणी आधी काढा. नाहीतर जमिनीतून वर येऊ न शकलेले पाणी कडेने भिंतीत चढते. लादीखाली चार इंच जाड खडीचा थर द्यावा. त्यात माती नको. मोठ्या खडीत बारीक वाटा नसतात, म्हणून पाणी तिच्यातून चढत नाही. नवे घर बांधत असाल तर गवंड्याला सांगा, जोत्यावर ओल अडवणारा थर घालूनच भिंत उचल. नव्या घरात हे काम थोडक्या पैशांत होते. मागाहून ते फार अवघड जाते.

आता थंडी अडवा

घर कोरडे झाले की थंडीचे काम निम्मे होते. उरलेले निम्मे असे करा.

थंड हवा जड असते. रात्री ती माथेरानच्या आणि बोरघाटाच्या डोंगरांवरून ओढ्यांच्या वाटेने खाली उतरते आणि आपल्या खोऱ्यात साचते. म्हणून काही रात्री डोंगरावर असतो त्याहून जास्त गारठा पायथ्याला असतो. घरातही तसेच. जड गार हवा दाराखालच्या फटीतून आत येते. हलकी ऊबदार हवा कौलांतून निघून जाते.

दाराखालच्या फटीला जुन्या कापडाची गुंडाळी लावा. झोपण्याच्या खोलीवर बांबूच्या तट्ट्यांचा माळा करा आणि तो वरून मातीने लिंपा. माळा आणि कौले यांच्यामध्ये हवा राहते. ती गोधडीचे काम करते. पत्र्याच्या घराला तर माळा हवाच. उघड्या आकाशाखाली पत्रा लवकर गार होतो आणि घरातल्या हवेचे पाणी त्याला आतून लागते. पहाटे अंगावर थेंब पडतात. आपण म्हणतो, पत्र्याला घाम फुटला.

जमिनीवर झोपत असाल, तर पांघरुणाइतकेच लक्ष अंथरुणाकडे द्या. दोन गोधड्या असल्या तर एक अंगाखाली घ्या. भाताचा वाळलेला पेंढा पसरून त्यावर चटई घाला. पेंढा आठवड्याला उन्हात टाका. खाट असेल तर ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. धान्याची कणगीही दगडांवर ठेवा. खालून वारा खेळला की दाणा बुरसत नाही.

सावधान!

आता शेवटची गोष्ट. ही दोनदा वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

सगळ्या फटी बुजवून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कोळसा जळताना एक विषारी वायू निघतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला नाही तरी तो खोलीत असतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. झोपेतच प्राण जातो.

म्हणून शेक घ्यायचा तो दार उघडे ठेवून, जागेपणी घ्यावा. निजण्याआधी शेगडी बाहेर न्यावी. खोलीत वरच्या अंगाला हातभर झरोका बारा महिने उघडा ठेवावा. चुलीच्या खोलीतला झरोका तर कधीच बुजवू नये. कोणी गुंगीत सापडला तर आधी त्याला उघड्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

लक्षात ठेवा

आधी पाणी दूर करा.
मग भिंत वाळू द्या.
मग गिलावा करा.
शेवटी फटी बुजवा, पण झरोका ठेवा.

हा क्रम उलटा केला तर काय होते, ते आमच्या आईने सोसले. तुमच्या घरी कोणाला ते सोसावे लागू नये.

प्रश्न

१. भिंतीला वात का म्हटले आहे?
२. सिमेंटच्या गिलाव्याने आमची भिंत का बिघडली?
३. तुमच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. पावसाळ्यात त्यावर किती लिटर पाणी पडते, ते काढा.
४. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण कोणत्या भिंतीजवळ आहे, ते पाहा. त्या भिंतीवर हात ठेवा. काय आढळले, ते चार ओळींत लिहा.