सम्राटयंत्राची सावली आणि माणसाचे अवधान

जयपूर नगरीची स्थापना सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये केली. नगरीच्या मध्यभागी, राजवाड्याला लागून, त्यांनी एक वेधशाळा उभारली. तीच आज जंतरमंतर या नावाने ओळखली जाते. दिल्ली, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथेही त्यांनी वेधशाळा बांधल्या. परंतु जयपूरची वेधशाळा त्या सर्वांत मोठी असून २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश आहे. जयसिंहांच्या ज्योतिषी मंडळात अग्रभागी असलेले पंडित सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रीय. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ व युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. मराठी वाचकाला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

या वेधशाळेतील सर्वांत भव्य यंत्र म्हणजे बृहत् सम्राटयंत्र. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. धातूची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढळतात आणि त्यांवर बारीक खुणा करण्यास जागाही पुरत नाही. म्हणून जयसिंहांनी चुना व दगड यांची प्रचंड यंत्रे बांधण्याचा मार्ग पत्करला. सम्राटयंत्र हे मुळात छायायंत्र आहे. मध्यभागी एक उतरती भिंत, तिची कड ध्रुवाच्या दिशेला रोखलेली, आणि दोन्ही बाजूंस दगडी वर्तुळपाद. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडील पादावर पडते, दुपारनंतर पूर्वेकडील पादावर चढू लागते. पादांवरील सर्वांत लहान भाग २ सेकंदांचा आहे. सावली दर सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ६ सेंटिमीटरांहून थोडी अधिक सरकते. तिच्याजवळ क्षणभर उभे राहिले की ती चालताना साध्या डोळ्यांना दिसते.

तथापि येथे एक अडचण आहे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशातील त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद आहे. पृथ्वीला अर्धा अंश फिरण्यास २ मिनिटे लागतात. यामुळे सावलीची कड रेघेसारखी स्पष्ट पडत नाही; गडद छायेपासून उजेडापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर रुंदीचा एक धूसर पट्टा तयार होतो. या पट्ट्याचा मध्य कोठे आहे हे निरीक्षकाने ठरवावयाचे असते. दगडी पादाजवळ ताणलेला दोरा किंवा बारीक काडी धरून तिच्या सावलीच्या आधाराने तो अधिक नेमका ठरविता येतो; पण त्यासाठी डोळा, हात व मन ही तिन्ही काही काळ एकाच जागी असावी लागतात. दोन सेकंदांची अचूकता दगडात अर्धीच आहे. उरलेली अर्धी निरीक्षकाच्या अवधानात आहे, आणि त्याचे लक्ष विचलित झाले तर २७ मीटर उंचीचे यंत्र गावातल्या एखाद्या साध्या छायायंत्राइतकेच काम करते.

अवधान म्हणजे काय, याचा शास्त्रीय विचारही प्रथम वेधशाळेतच करावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जयसिंहांच्या मृत्यूनंतर (१७४३) अर्ध्या शतकाने इंग्लंडमधील ग्रीनिच येथील वेधशाळेत एक प्रसंग घडला. तेथे ताऱ्याच्या याम्योत्तर लंघनाची वेळ ‘डोळा व कान’ या पद्धतीने घेत असत. निरीक्षक दुर्बिणीत तारेमागून सरकणारा तारा पाहत असे व त्याच वेळी घड्याळाचे ठोके मनात मोजत असे. दोन ठोक्यांच्या मध्ये तारा नेमका कोठे होता याचा अंदाज करून सेकंदाचा दहावा भाग नोंदवीत असे. राजज्योतिषी मॅस्केलिन यांच्या लक्षात आले की आपला साहाय्यक किनेब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा सुमारे आठ दशांश सेकंदाने उशिराच्या आहेत. तो निष्काळजी आहे असे ठरवून १७९६ मध्ये त्यांनी त्याला कामावरून दूर केले. पुढे १८२० च्या सुमारास जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी निरनिराळ्या नामवंत निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा असे आढळले की कोणत्याही दोन निरीक्षकांत असा फरक पडतोच. किनेब्रुक बिचारा निर्दोष होता. डोळ्याकडून कानाकडे आणि कानाकडून डोळ्याकडे जाण्यास मनाला वेळ लागतो, व हा वेळ माणसागणिक निराळा असतो. याच प्रश्नाचा धागा पकडून विल्हेल्म वुंट यांनी प्रयोग सुरू केले, आणि १८७९ मध्ये लाइपझिग येथे त्यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापिली.

मनाच्या या स्थलांतराला लागणारा वेळ वर्गातही मोजता येतो. विद्यार्थ्यांना कागदावर प्रथम १ ते २० हे अंक ओळीने लिहावयास सांगावे व लागलेला वेळ घड्याळावर पाहून टिपावा. नंतर क, ख, ग अशी वीस व्यंजने ओळीने लिहून घ्यावी व तोही वेळ टिपावा. मग १, क, २, ख, ३, ग याप्रमाणे आळीपाळीने दोन्ही लिहावयास सांगावे. लिहावयाची अक्षरे व अंक तेवढेच, लेखणी तीच. परंतु तिसऱ्या खेपेचा वेळ पहिल्या दोन खेपांच्या बेरजेपेक्षा बहुधा बराच अधिक भरतो आणि मध्येच कोणाचा तरी ‘ट’ किंवा ‘१३’ गळतो. आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अशाच रीतीने, बेरजा व वजाबाक्या आळीपाळीने करावयास देऊन, पालट करण्याची किंमत मोजली होती. ‘मी एकाच वेळी दोन कामे करतो’ असे म्हणणारा मनुष्य बहुतेक वेळा दोन कामांमध्ये ये-जा करीत असतो. चालता चालता बोलणे निराळे, कारण चालणे अंगवळणी पडलेले असते. पण ज्या दोन कामांना विचार लागतो ती खऱ्या अर्थाने एकत्र होत नाहीत.

आता यंत्राकडे पुन्हा वळू. मराठीत लक्ष ‘देतात’, लक्ष ‘जाते’, आणि लक्ष कोणीतरी ‘वेधून घेते’. या तीन क्रियापदांत मोठा भेद आहे. सम्राटयंत्राला लक्ष द्यावे लागते. ते स्वतः कोणाला हाक मारीत नाही. ज्याला वेळ पाहावयाची असेल त्याने त्याच्यापर्यंत चालत जावे. लग्नघरी घंगाळात सोडलेले घटिकापात्रही याच जातीचे. २४ मिनिटांनी ते बुडते, पण ते बुडाले हे पाहण्यासाठी कोणीतरी जवळ बसलेला असावा लागतो.

घंटा, भोंगा व मनोऱ्यावरील घड्याळ ही दुसरी जात होय. ती हाक मारतात, परंतु सर्वांना एकदम व ठरलेल्या वेळी. जयपुरात जंतरमंतरच्या जवळच गोविंददेवजींचे मंदिर आहे. तेथे मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या व शयन अशा सात झांक्यांना दिवसातून सात वेळा दर्शन खुले होते. भोवतालच्या बाजारपेठेतील अनेकांचा दिवस या सात खुणांनी विभागलेला असतो. झांकीची वेळ ठाऊक असल्यामुळे मधल्या वेळात मंदिराकडे लक्ष ठेवण्याचे कारण पडत नाही. गिरणीचा भोंगा याहून कठोर. भारतात १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे न्यावी लागणार होती. त्याच महिन्यात मुंबईतील कापडगिरणीच्या कामगारांनी या बदलाविरुद्ध दंगा केला. कारण घड्याळ पुढे गेले तरी सूर्य पुढे गेला नव्हता, आणि पहाटे अंधारात उठून कामावर जाण्याची पाळी त्यांच्यावर येणार होती. जयपूरच्या सम्राटयंत्रावर हाच फरक आजही वाचता येतो. जयपूर प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. त्यात पृथ्वीच्या विषम गतीचा फेरफार मिळविला म्हणजे छाया व मनगटी घड्याळ यांतील अंतर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे ११ मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४१ मिनिटे होते.

तिसऱ्या जातीचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल हाक मारतो ती एकट्याला, आणि कोणत्याही क्षणी. शिवाय त्या हाकेत काय दडले आहे हे आधी कळत नाही. दहापैकी नऊ सूचना बिनमहत्त्वाच्या असतात, आणि दहावी मुलाच्या निकालाची किंवा थकलेल्या बिलाची असते. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरांना चोच मारल्यावर दाणा मिळत असे. दाणा दर ठरावीक टोच्यांनंतर मिळाला तर दाणा मिळताच पक्षी थोडा थांबत असे. परंतु तो अनियमितपणे, कधी तिसऱ्या तर कधी तिसाव्या टोच्याला मिळू लागला, की पक्षी जवळजवळ न थांबता टोचत राही. मोबाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची सवय या दुसऱ्या कबुतराच्या सवयीशी पुष्कळ जुळते. मनुष्य आळशी आहे किंवा त्याचा निग्रह ढळला आहे एवढेच म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

फोन उचलला नाही म्हणजे नुकसान टळले, असेही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अवधानाचे एकसुरी काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर मध्येच फोन किंवा संदेश पाठविले. ज्यांनी फोनकडे पाहिलेही नाही, त्यांच्याही चुका वाढल्या. मन तेवढ्यात ‘कोण असेल?’ या प्रश्नाकडे जाऊन आले होते. केवळ फोन मेजावर ठेवल्यानेच बुद्धी मंदावते, असेही काही प्रयोगांवरून सांगितले गेले. पण ते प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या सर्वांनाच तसे आढळले नाही, तेव्हा त्या दाव्यावर भिस्त ठेवू नये.

कामाच्या उत्पादनावर याचा परिणाम काय होतो? येथे उत्तर अपेक्षेहून निराळे मिळते. ग्लोरिया मार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कचेरीतील पत्रव्यवहारासारखे काम देऊन मध्ये मध्ये व्यत्यय आणला. व्यत्यय आलेल्यांनी काम उशिरा नव्हे, उलट लवकर संपविले. गुणवत्तेतही फरक दिसला नाही. मात्र त्यांनी उत्तरे त्रोटक लिहिली, आणि ताण, त्रागा व घाई या सर्वांचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले. गेलेला वेळ मनुष्य भरून काढतो तो स्वतःच्या अंगातून. मालकाच्या हिशेबवहीत हे नुकसान दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे समजणे सोपे जाते.

ज्या कामात घाई करून भागत नाही, तेथे गोष्ट आणखी निराळी. जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर येथे छिपा कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. प्रत्येक ठसा आधीच्या ठशाच्या कडेला अचूक जुळवून ठेवावा लागतो. रंग कापडात उतरला की तो खोडता येत नाही. जोहरी बाजाराच्या आसपास खड्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांचेही तेच. चाकावर क्षणभर अधिक टेकलेला पाचूचा खडा पूर्ववत होत नाही. अशा हातांना त्रोटक उत्तर देण्याची सोय नसते. शाळेत नवे गणित समजून घेणाऱ्या मुलाची स्थितीही कारकुनापेक्षा या कारागिराच्या अधिक जवळची आहे.

असे असले तरी सारा दोष यंत्राच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये ब्रिटिश रडारनिरीक्षकांच्या प्रश्नावरून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोऱ्या तबकडीवर काटा सेकंदासेकंदाने सरके व क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी दिसली की कळ दाबावयाची. कोणताही व्यत्यय नसताना, अर्ध्या तासातच हुकलेल्या उड्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलला तर ते तसे वाढत नसे. अवधान हे मुळातच फार वेळ न टिकणारे आहे. विसावा हवाच, प्रश्न एवढाच की विसाव्याची वेळ कोणी ठरवावयाची.

या प्रश्नावर भारतातच एक प्रयोग झालेला आहे. निकोलस फिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल वापरणाऱ्या दोनशेहून अधिक भारतीयांना निरनिराळ्या गटांत विभागून दोन आठवडे पाहण्यात आले. एका गटाला सूचना नेहमीप्रमाणे, येतील तशा मिळत. एका गटाला त्या साठवून दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र दिल्या जात. आणखी एका गटाला सूचना मुळीच दिल्या नाहीत. तीन वेळा सूचना मिळणाऱ्यांनी सांगितले की आपले लक्ष अधिक टिकते, काम अधिक होते व मन प्रसन्न राहते. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद होत्या त्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. उलट आपल्याला काही कळावयाचे राहून तर गेले नाही ना, ही धास्ती त्यांच्यात वाढली. मंदिराची दारे दिवसभर बंद ठेवली तर भाविक दाराशीच ताटकळत बसेल. ती सात वेळा उघडतात हे ठाऊक असल्यामुळे तो दुकानात निर्धास्त बसतो.

२०२१ पासून काही मोबाइल संचांत, सूचना साठवून ठरलेल्या वेळी एकत्र देण्याची अशी सोय करण्यात आली आहे. नवा संच हाती येतो तेव्हा ती बंद असते. संचाच्या मालकाने व्यवस्थेच्या पानावर जाऊन ती स्वतः सुरू करावी लागते, आणि कोणाची हाक तत्काळ यावी व कोणाची थांबावी हेही त्यानेच निवडावे लागते.